फळीखालची पास

आमच्या ओसरीवर सहा खुंट्यांना सहा फिन टांगलेले होते आणि सातवा बन्सीधर सुताराच्या मांडीवर होता. तो शुक्रवार होता, मे महिन्यातला शेवटचा. साल अठ्ठ्याऐंशी.

फिन म्हणजे काय ते आधी सांगते, कारण तेव्हा येलदरीत मलाही कुणीतरी समजावून सांगावं लागलं होतं. समुद्रावर एक खेळ असतो. माणूस लांबट फळीवर उभा राहतो, फळीला एकच शीड असतं आणि शिडाची आडवी कमान दोन्ही हातांनी धरून तो वाऱ्यावर पळतो. फळीच्या शेपटीला, खाली पाण्यात, माशाच्या परासारखं एक पातं असतं. ते फिन. ते नसेल तर फळी सरळ जात नाही, ओल्या फरशीवर पाट सरकावा तशी कुठंही सरकते.

हे सगळं मला माझ्या नवऱ्यानं शिकवलं. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती. आता ते नाहीत आणि लिहिताना सारखं 'हे' म्हटलं तर वाचणाराचा घोटाळा होईल, म्हणून नाव लिहिते. नागनाथ.

एकाहत्तर साली अठराव्या वर्षी ते नौदलात गेले. पंधरा वर्षं नोकरी करून शहाऐंशी साली घरी आले, ते जहाजाच्या भंगारातली एक तडकलेली फळी आणि फाटकं शीड घेऊन. मुंबईहून परभणीपर्यंत ती फळी गार्डाच्या डब्यातून आली आणि परभणीहून जिंतूर, येलदरी एस्टीच्या टपावरून. माझ्या सासूबाई, मालनबाई, दारात उभ्या राहून म्हणाल्या, "पंधरा वरसं जहाजावर व्हता, आता पाटावर बसायलाय."

धरणाच्या कॅम्पात मी शाळेत शिक्षिका होते. दोन खोल्या आणि ओसरी, मागं लिंबाचं झाड. मूलबाळ नव्हतं. समोर, चालत दहा मिनिटांवर, पूर्णेचं अडवलेलं पाणी. त्या पाण्यात मला कधीच काही दिसलं नव्हतं. नागनाथांना त्यात समुद्र दिसला.

पण ते पाणी समुद्रासारखं नव्हतं. तळाशी बुडालेलं गाव होतं, शेतं होती, बाभळी होत्या. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बाभळींची खुंटं वर यायची, काही बोटभर पाण्याखालीच राहायची. लांब फिन लावला तर तो खुंटाला आपटून तुटायचा. पहिले दोन तसेच तुटले. आखूड लावला तर दुसरीच अडचण. वारा जोराचा आला की फळी पाण्यावरून निसटून वर येते आणि घसरत धावते, आणि नेमकी त्याच वेळी आखूड फिनाची पकड सुटते. शेपूट भसकन आडवं जातं आणि माणूस फेकला जातो. तिसरा, चौथा, पाचवा आणि सहावा फिन त्यापायी खुंटीला गेला.

मग त्यांना एक जुनं चित्र आठवलं. त्र्याऐंशी साली ऑस्ट्रेलियाच्या एका शिडाच्या होडीनं मोठी शर्यत जिंकली होती आणि तिच्या पोटाखालच्या वजनदार पात्याला दोन्ही बाजूंनी पंख होते. जहाजावरच्या एका मासिकात त्यांनी तो फोटो पाहिला होता. तसेच लहान पंख फिनाच्या टोकाला लावले तर आखूड फिनसुद्धा पाणी धरून ठेवील, असा त्यांचा हिशेब. ओसरीच्या फरशीवर माझ्याच खडूनं ते चित्र काढायचे आणि मी सकाळी पुसायची.

त्यांचे जहाजावरचे एक जुने साहेब निवृत्त झाले होते. आम्ही त्यांना कमांडरसाहेब म्हणायचो. गोव्याकडं किनाऱ्यावर ते शिडाच्या फळ्या शिकवायची शाळा काढत होते. नागनाथांनी त्यांना पंखाच्या फिनबद्दल लिहिलं. उत्तर आलं की नांदेडला एका लग्नाला येतोय, रविवारी परत जाताना वाट वाकडी करून येलदरीला येईन, दुपारी तीनला, तासभर. फिन चालला तर शाळेतलं फळ्या बनवायचं आणि शिकवायचं काम तुमचं.

दुसरंही एक पत्र घरात होतं. परभणीच्या एका बँकेत माजी सैनिकाची पहारेकऱ्याची जागा. सोमवारी अकरा वाजता हजर व्हायचं.

नागनाथांनी दोन्ही पत्रं देवळीत, भिंतीतल्या कोनाड्यात ठेवली आणि मला म्हणाले, "मास्तरीणबाई, रविवारी फिन चालला तर समुद्र. न्हाई चालला तर सोमवारी बंदूक घेऊन बँकेच्या दारात. मंग मी तुमचाच."

ते हसत म्हणाले. मी हसले नाही.

का हसले नाही ते सांगायला हवं. अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात, विद्यापीठाच्या नावावरून सगळा मराठवाडा पेटला तेव्हा आम्ही या कॅम्पात नव्हतो, गावात होतो. आमची गल्ली जळाली. मी आणि सासूबाई ज्वारीच्या उभ्या पिकात दोन दिवस बसून होतो. सासूबाईंच्या तोंडात पदराचा बोळा होता, कारण त्यांना दम्याचा खोकला होता. नागनाथ तेव्हा कोचीनला होते. माझं पत्र त्यांना बावीस दिवसांनी मिळालं. ते आले तेव्हा घराच्या जागी राख सारवून मी चूल मांडलेली होती. त्यांनी काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. सुटी संपली, ते गेले. तेव्हापासून मी एकच गोष्ट मागत होते. हा माणूस घरी असावा.

तर तो शुक्रवार. मी चहा घेऊन बन्सीधरच्या साळीवर गेले. साळ म्हणजे त्याचं कामाचं छप्पर. चैत्र-वैशाखात तिथं बसायला जागा नसायची. नांगर, वखर, तिफणी दुरुस्त करायला माणसं रांगेनं. त्या दिवशी फळी दोन घडवंच्यांवर उलटी ठेवलेली होती, पोट वर करून, आणि फिन शिंगासारखा वर उभा. सागाचं पातं बन्सीधरनं सुरेख तासलं होतं. पंखासाठी मोडक्या डेगीच्या बुडाचा जाड पत्रा कापला होता. फिनाच्या टोकाला खाच पाडून त्या खाचेत पंख आडवा बसवला होता आणि बारीक पाचर ठोकून घट्ट केला होता.

"बघा वैनी," बन्सीधर म्हणाला. "असली पास उभ्या जिल्ह्यात कुण्या वखराला नसंल."

"पास न्हाई, पंख हाय तो," नागनाथ म्हणाले.

"तुमी पंख म्हणा. माझ्या हाताला पासच वाटायलीय."

मी चहाचे कप खाली ठेवले आणि पंखाकडं पाहिलं.

माझं माहेर चारठाण्याचं. बाप दुसऱ्याच्या शेतावर सालगडी. आमची स्वतःची जमीन नव्हती, पण माझं बालपण वखरावरच गेलं. खरंच वखरावर. वखर हलका पडला की बाप मला वजनासाठी त्यावर बसवायचा. ज्यांनी वखर पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. एक जाड ओंडका, खाली दोन खुंट, आणि त्या खुंटांना आडवी लावलेली लोखंडी पट्टी, ती पास. बैल ओढतात आणि पास जमिनीखालून माती कापत जाते. पास सपाट बसवली तर वखर नुसता वरून घसरतो. म्हणून तिची पुढची कड किंचित खाली ठेवायची, जोंधळ्याच्या दाण्याएवढी. मग पास आपणहून मातीत शिरते, खाली खाली ओढते. बाप एका काडीनं मापायचा. पुढच्या कडेपासून ओंडक्यापर्यंत काडी, मागच्या कडेपासून ओंडक्यापर्यंत काडी. पुढची दाण्याभर लांब भरली पाहिजे.

फळी उलटी होती. पंखाची पुढची कड मागच्यापेक्षा दाण्याभर वर होती. म्हणजे फळी सुलटी करून पाण्यात टाकली की पुढची कड दाण्याभर खाली.

बन्सीधरनं वखराची पास बसवली होती. त्याला 'सपाट बसव' असं सांगितलं होतं आणि त्याला वाटत होतं की आपण सपाटच बसवली. तीस वर्षं तोच हात, तीच पाचर. हाताला सपाट म्हणजे तेवढंच माहीत. आणि नागनाथांनी जन्मात वखर धरला नव्हता. त्यांचा बाप गावचा चौकीदार. ते फिनावर हात फिरवत होते, पात्याची धार बघत होते. दाण्याएवढा फरक त्यांना दिसणारच नव्हता.

मला दिसला. मातीत शिरणारी पास पाण्यातही खाली ओढणार, फळीचं शेपूट दाबून धरणार, फळी पळणार नाही. एवढं माझ्या डोक्यात लगेच आलं. म्हणजे रविवारी फिन चालणार नाही, आणि सोमवारी बँक.

"चहा निवायलाय," मी म्हणाले, आणि रिकामी किटली घेऊन घरी आले.

शनिवारी त्यांनी पाण्यात फळी घालून पाहिली. वारा नव्हताच. शीड कसंबसं भरत होतं. हळू चाललं की पंखाची कड वर काय आणि खाली काय, काही कळत नाही. "सरळ जायलीय," ते परत आल्यावर म्हणाले. "लय सरळ." जेवताना त्यांनी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. सासूबाई त्यांच्याकडं बघत होत्या, मग माझ्याकडं बघायला लागल्या.

"कुसमे, तुला काय झालंय? मीठ न्हाई टाकलंस वरणात."

मी उठून मीठ आणलं.

रविवारी दुपारी बारापासूनच वारा सुटला. मृगाच्या आधीचा पश्चिमेचा वारा, धुळीचा. कॅम्पातल्या पत्र्यांचा आवाज यायला लागला. नागनाथ ओसरीवर बसून शिडाची दोरी ओवत होते आणि दर दोन मिनिटांनी लिंबाच्या शेंड्याकडं बघत होते. मीही बघत होते. शनिवारच्यासारखा वारा मेला असता तर फळी पळालीच नसती, कुणाला काही कळलं नसतं, साहेब निघून गेले असते. पण वारा वाढत होता, आणि मला प्रथमच भीती वाटायला लागली. वखर हळू चालतो. बैलाच्या पावलानं. ही फळी मोटारसायकलच्या वेगानं जाते, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या वेगात पास काय करील ते माझ्या बापानं मला शिकवलं नव्हतं.

सांगायचं होतं तर तेव्हाही वेळ होता. हातोडी घरात होती. मी दोनदा ओसरीपर्यंत गेले आणि एकदा पाणी देऊन आले, एकदा गमछा.

साहेब बरोबर तीनला आले. पांढरी मोटार, उन्हानं तांबडा झालेला उंच माणूस, डोक्यावर टोपी. सासूबाईंनी त्यांना काठावर बाभळीच्या सावलीत बाज टाकून दिली. साहेबांनी फिन हातात घेतला, पंखाला बोट लावलं आणि हसले.

"नागनाथ, ये फिन है या हल?"

"चलाके दिखाता हूं, सर," नागनाथ म्हणाले.

बन्सीधर काठावर उकिडवा बसला होता, नवीन टोपी घालून. किशनराव भोई आपली होडी घेऊन पाण्यात थोडा आत उभा होता, काही झालंच तर म्हणून. त्याला नागनाथांनी आधीच सांगून ठेवलं होतं. जायचं ठरलं होतं ते समोरच्या कळसापर्यंत. बुडालेल्या गावच्या देवळाचा कळस उन्हाळ्यात वर यायचा. तिथपर्यंत जायचं, वळायचं आणि परत येताना काठाच्या जवळून, खुंटांच्या मधल्या वाटेनं पूर्ण वेगात जायचं. लांब फिन तिथून जाऊच शकत नव्हता. तेच तर दाखवायचं होतं.

फळी पाण्यात ढकलताना त्यांनी मागं वळून बघितलं. मी पदर दातात धरून उभी होते. तेव्हा ज्वारीत सासूबाईंच्या तोंडात बोळा होता तशी.

जाताना वारा शिडात नीट भरला नव्हता, फळी पोट पाण्यात ठेवूनच गेली. कळसाला वळसा घातला. साहेबांनी डोळ्यांना दुर्बीण लावली होती. मग वाऱ्याचा एक मोठा झोत आला. पाण्यावर तो काळसर पट्ट्यासारखा येताना दिसतो. शीड ताठ झालं, नागनाथ मागं झुकले, अंग पाण्याला टेकेल इतके, आणि फळी वर आली. पाणी दोन्ही बाजूंना उडत होतं.

"आली," बन्सीधर म्हणाला. "आली बगा वर."

फळी आमच्या बाजूला येत होती. पहिलं खुंट गेलं, दुसरं गेलं. शेपूट आडवं गेलं नाही. पंखानं पाणी धरलं होतं, घट्ट. नागनाथांचं म्हणणं खरं होतं. आणि मग मला फळीचं तोंड दिसलं. ते वर उचललं जात होतं. वेग वाढला तसं शेपूट खाली जात होतं, कुणी पाण्याखालून धरून ओढावं तसं, आणि तोंड वर. नागनाथांनी पाय पुढं सरकवला. तोंड आणखी वर आलं. त्याखाली वारा शिरला.

फळी उभी राहिली. घोडा उभा राहतो तशी. मी तिचं पोट पाहिलं, पंख पाहिला, आणि मग शीड, फळी, माणूस सगळं उलटं मागं पडलं, खुंटांमध्ये.

पाणी उडालं आणि खाली बसलं. शीड पाण्यावर पसरलेलं होतं. माणूस नव्हता.

मी मोजायला लागले. शाळेत पोरांना मोजायला लावते तसं. एक, दोन, तीन. किशनराव होडी वल्हवत होता, ओरडत होता. साहेब उभे राहिले. बारा, तेरा. बन्सीधर पाण्यात कमरेपर्यंत गेला होता. त्याला पोहता येत नव्हतं. एकोणीस, वीस. सासूबाई म्हणाल्या, "माझं लेकरू कुठाय?" अगदी हळू, मलाच विचारल्यासारखं. सव्वीस. सत्तावीस.

एकतिसाव्याला शिडाखालून हात वर आला.

किशनरावनं त्यांना होडीत ओढलं. काठावर आणलं तेव्हा डाव्या भुवईवर मोठी चीर होती आणि डावा तळवा बाभळीच्या खुंटानं फाटला होता. ते खोकत होते, पाणी ओकत होते. मी गमछा भुवईवर दाबून धरला. फळी, शीड किशनरावनं मागं बांधून आणलं होतं. फिन शाबूत होता.

ते उठून बसले. थोड्या वेळानं नागनाथ साहेबांकडं बघून म्हणाले, "सर, मेरा हिसाब गलत था. पंख खींचता है. मैंने सोचा था पकडेगा." मग बन्सीधरला म्हणाले, "करवत दे. पंख कापून टाकू. नुसतं पातं लावून एक चक्कर मारतो."

"नुसत्या पात्यावर शेपूट निसटंल," बन्सीधर म्हणाला.

"निसटू दे. निदान साहेबांना उभं राहून तरी दाखवतो."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "आधा घंटा है, नागनाथ. लेकिन जबरदस्ती मत करो."

मी रक्त दाबत होते. जे हवं होतं ते झालं होतं. फिन चालला नव्हता. उद्या सोमवार. पंख कापला की संपलं.

पण मी त्यांचं तोंड बघत होते. घर जळाल्यावर आले होते तेव्हाही ते तोंड तसं नव्हतं. तेव्हा त्यांना राग तरी होता. आता ते फरशीवरच्या माझ्या खडूच्या चित्रांसारखे दिसत होते, पुसलेले. दोन वर्षांचा हिशेब आपलाच चुकला असं त्यांना वाटत होतं, आणि तो चुकला नव्हता. ती चूक घेऊन हा माणूस बँकेच्या दारात वीस वर्षं उभा राहिला असता. माझ्याजवळ, माझ्या घरात, रोज.

"करवत ठेवा," मी म्हणाले. "पंख खोटा न्हाई. पास तिरपी हाय."

बन्सीधरनं मान वर केली. "काय म्हणायल्यात वैनी?"

"पुढची कड खाली हाय. वखराला ठेवतात तशी. म्हणून शेपूट खाली ओढलं."

"मी सपाट बसवलीय."

"काडी आण."

काडी कुणी आणली नाही, मीच एक वाळलेलं गवत तोडलं. फळी उलटी केली. पुढच्या कडेपासून फळीच्या पोटापर्यंत काडी धरली आणि नखानं मोडली. तीच काडी मागं धरली. दाण्याभर जास्त झाली. बन्सीधरनं काडी माझ्या हातातून घेतली, स्वतः मापली, परत मापली. त्याच्या कानशिलांवर घाम आला.

"तीस वरसं झाली पास बसवायलोय मी," तो म्हणाला.

"मातीत बसवायलाव, दादा. पाण्यात ढेकूळ न्हाई."

साहेबांना सगळं समजलं नसावं, पण ते बाजेवरून उठून जवळ आले आणि वाकून बघायला लागले. बन्सीधरनं पिशवीतून हातोडी काढून माझ्यापुढं धरली. तो म्हणाला, "तुमीच ठोका वैनी, माझा हात परत तसाच जाईल." मी हातोडी घेतली. पाचर काढली, पलीकडून घातली, काडी लावली, थोडी ठोकली, परत काडी लावली. पुढं तेवढीच, मागं तेवढीच.

नागनाथ माझ्याशेजारी गुडघ्यावर बसले होते. गमछा त्यांनी स्वतःच धरला होता. बाकीचे दोन पावलं मागं होते. ते हळू म्हणाले, "तुला कधी दिसलं?"

'आत्ता' म्हणता आलं असतं. फळी उभी राहिली तेव्हा पोट दिसलं, तेव्हा कळलं, असं म्हणता आलं असतं. कुणालाही खरं वाटलं असतं.

"शुक्रवारी," मी म्हणाले.

 त्यांच्या भुवईतून एक थेंब फळीवर पडला. मी तो पदरानं पुसला. एवढं मात्र आठवतं की वाऱ्यानं किशनरावची होडी काठाला सारखी आपटत होती, ठक, ठक, आणि मला वाटत होतं ती कुणीतरी थांबवावी.

मग ते म्हणाले, "पाचर घट्ट हाय का बघ."

मी बघितलं. "घट्ट हाय."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी गमछा डोक्याला बांधला, फाटक्या तळव्यावर सासूबाईंच्या लुगड्याची चिंधी गुंडाळली आणि फळी पाण्यात नेली. सासूबाई म्हणाल्या, "आडव त्याला." मी अडवलं नाही.

दुसऱ्या वेळी मी मोजलं नाही. कळसाला वळसा घातला तेव्हा मी पाचरीचाच विचार करत होते. माझ्या हातानं ठोकलेली, बोटाच्या पेराएवढी. ती सुटली तर पंख वेगात फिरणार आणि मग पुन्हा तीच खुंटं. पाण्यावर काळा पट्टा आला. शीड ताठ झालं. फळी वर आली आणि धावायला लागली. पहिलं खुंट. दुसरं. मी तोंडाकडं बघत होते, फळीच्या तोंडाकडं. ते जागचं हललं नाही. तिसऱ्या आणि चौथ्या खुंटाच्या मध्ये वाट इतकी अरुंद की होडीही जात नाही, तिथून ते वाकून गेले आणि आमच्या समोरून, वीस हातांवरून, पाणी उडवत निघून गेले. शेपूट केसभर सरकलं नाही. बन्सीधर तोंडावर हात ठेवून बसला होता. साहेब टोपी काढून उभे होते.

ते आणखी दोनदा गेले आणि आले. मग साहेबांनी बाजेवर बसून मोटारीतल्या डब्यातला पेढा सासूबाईंना दिला आणि नागनाथांना सांगितलं, पहिली जुलै. मला म्हणाले, "आपने सीखा कहां से?" मी म्हणाले, "चारठाणा." त्यांना ते कुठं आहे ते माहीत नव्हतं.

सोमवारी बँकेत कुणी गेलं नाही. कॅम्पातल्या डॉक्टरांनी भुवईला चार टाके घातले.

त्यानंतर महिनाभर नागनाथ घरी होते. बोलायचे, पाणी आणायचे, माझ्या शाळेची वह्यांची पिशवी उचलायचे. शुक्रवारचं काही काढलं नाही. मी वाट बघत होते. भांडले असते तर बरं झालं असतं. निघायच्या दिवशी परभणीच्या स्टेशनवर गाडी हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून हात केला. भुवईवरची खूण तेव्हा गुलाबी होती. सातवा फिन त्यांच्या पिशवीत होता, गोणपाटात गुंडाळलेला.

ते कायमचे परत आले ते पुढं सहा वर्षांनी, विद्यापीठाचं नामांतर झालं त्या जानेवारीत. त्याआधी दर दिवाळीला आणि दर मे महिन्यात यायचे. त्यांनी गोव्यात तीस-पस्तीस फिन बनवले, काही पंखाचे, काही बिनपंखाचे. पुढं पंखाची पद्धत मागं पडली असं ते सांगायचे, लोकांनी पात्याचाच आकार बदलून तेच साधलं. त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही.

पण पहिले सव्वादोन महिने पत्र आलं नाही. मी पोस्टमनला विचारायचं सोडून दिलं होतं. मग पोळ्याच्या आदल्या दिवशी एक जाड लिफाफा आला. आत पत्र नव्हतं. एका कागदावर नव्या फिनाचं चित्र होतं, आणि दोन काड्या, नारळाच्या झावळीच्या हिराच्या. एकीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली, 'पुढची'. दुसरीला, 'मागची'. चित्राखाली एवढंच लिहिलं होतं: हे बरोबर आहे का?

मी काड्या ताटात शेजारी शेजारी ठेवल्या. पुढची मागचीपेक्षा अर्ध्या दाण्याएवढी लांब होती. सासूबाई म्हणाल्या, "काय गं, त्यानं काड्या धाडल्यात? काडीमोड करायलाय का काय?" आणि स्वतःच हसल्या, मग खोकल्या.

उत्तर लिहायला मला चार दिवस लागले. काडीचं उत्तर एका ओळीचं होतं. पुढची अर्धा दाणा कमी करा. त्याच्याखाली मी लिहिलं की तुम्ही जाऊ नये असं मला वाटत होतं, म्हणून शुक्रवारी बोलले नाही, आणि एकतीस आकडे मोजेपर्यंत मी काय केलं ते मला कळलं नव्हतं.

बारा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. पोस्टमननं ते वाचूनच माझ्या हातात दिलं असणार.

'अर्धा दाणा कमी केला. चांगली चालते. दुसरं जे लिहिलंस ते मला त्याच दिवशी, पाण्यात फळी नेतानाच कळलं होतं. पाचर तू ठोकलेली होती म्हणूनच दुसऱ्यांदा गेलो. बन्सीधरला नमस्कार सांग. दिवाळीला येतो.'